सदोष मोटारी आणि सात वर्षांची अट

मोटारगाडी विकून किंमत वसूल झाली की कारखानदाराची जबाबदारी संपते, ही समजूत आता बहुतेक देशांच्या कायद्यांनी अमान्य केली आहे. गाडीच्या रचनेत अथवा बांधणीत मुळातच दोष राहून गेला असेल आणि त्यामुळे माणसांच्या जिवाला धोका संभवत असेल, तर उत्पादकाने ती गाडी परत बोलावून विनामूल्य दुरुस्त करून दिली पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेने १९७४ साली कायद्यात आणले. भारतात ते २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने आले. ‘रिकॉल’ या नावाने ही पद्धत आता वृत्तपत्रांच्या वाचकांना परिचित झाली आहे. अमुक कंपनीने इतक्या हजार गाड्या परत बोलावल्या, ही बातमी दर महिन्या-दोन महिन्यांनी छापून येते आणि ती वाचून ग्राहकांचे हित कोणीतरी पाहत आहे, असे समाधान वाटते.

हे समाधान बऱ्याच अंशी फसवे आहे. रिकॉल जाहीर होणे ही एक गोष्ट आणि गाडी प्रत्यक्ष दुरुस्त होऊन मालकाच्या हाती येणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर नव्या गाडीच्या बाबतीत थोडे असते. गाडी जसजशी जुनी होते, तसतसे ते वाढत जाते. पत्र पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर जाते. गाडी तोवर दुसऱ्याच्या अथवा तिसऱ्याच्या हाती गेलेली असते. पत्र मिळालेच, तर सुटा भाग आलेला नसतो. आणि भाग आला, तर कायद्याने घातलेली वयाची मर्यादा आड येते. जुनी मोटार ही बहुधा हौसेखातर बाळगलेली नसते. नवी परवडत नाही म्हणून ती घेतलेली असते. त्यामुळे या प्रश्नाचा भार साहजिकच बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांवर पडतो.

टाकाटा प्रकरणाचा धडा

या प्रश्नाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांचे. अपघाताच्या क्षणी एअरबॅग फुगवण्यासाठी जो वायू लागतो, तो एका धातूच्या डबीत रसायनाचे ज्वलन करून निर्माण केला जातो. टाकाटाने यासाठी अमोनियम नायट्रेटचा उपयोग केला. हे रसायन तुलनेने स्वस्त; परंतु दमटपणा आणि तापमानातील सततचे चढउतार यांना ते टिकाव धरीत नाही. वर्षानुवर्षे उष्ण व दमट हवेत राहिल्यावर त्याची घडण बिघडते, ते प्रमाणाबाहेर वेगाने जळते आणि धातूची डबी फुटून तिचे तुकडे चालकाच्या मानेत व चेहऱ्यात घुसतात. जीव वाचवण्यासाठी बसवलेले साधन अशा रीतीने जीव घेणारे ठरते. एकट्या अमेरिकेत या दोषामुळे किमान २८ मृत्यू नोंदले गेले आहेत.

होंडा कंपनीने या कारणास्तव पहिला रिकॉल २००८ मध्ये केला, तो केवळ चार हजार गाड्यांचा होता. पुढे हा आकडा फुगत जाऊन अमेरिकेत सुमारे पावणेसात कोटी एअरबॅगांवर पोहोचला आणि त्या देशाच्या इतिहासातील तो सर्वांत मोठा रिकॉल ठरला. जानेवारी २०१७ मध्ये टाकाटाने अमेरिकेच्या सरकारशी तडजोड करून गुन्हा कबूल केला आणि १०० कोटी डॉलरचा दंड व भरपाई मान्य केली. जून २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

या प्रकरणातील एक बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. हा दोष गाडी कारखान्यातून बाहेर पडताना दिसत नाही. तो काळाबरोबर वाढतो. अमेरिकेच्या वाहतूक-सुरक्षा प्रशासनाने देशाचे हवामानानुसार तीन पट्टे पाडले. सर्वांत उष्ण व दमट पट्ट्यात हा धोका अंदाजे सहा ते नऊ वर्षांत, मधल्या पट्ट्यात दहा ते पंधरा वर्षांत आणि थंड पट्ट्यात पंधरा ते वीस वर्षांत निर्माण होऊ शकतो, असा निष्कर्ष निघाला. २००१ ते २००३ या काळातील काही होंडा गाड्यांमध्ये तर अपघात झाल्यास डबी फुटण्याची शक्यता ५० टक्क्यांपर्यंत असल्याचे २०१६ मध्ये जाहीर करावे लागले. म्हणजे गाडीची बाजारातील किंमत जेव्हा सर्वांत कमी असते, तेव्हाच तिच्यातील धोका सर्वांत जास्त असतो.

पत्र आले, पण भाग नाही

मालकांच्या संतापाचे खरे कारण येथे दडलेले आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार दोष नोंदवल्यानंतर ६० दिवसांच्या आत मालकांना कळवावे लागते. कंपन्यांनी तसे कळवले. परंतु कोट्यवधी एअरबॅगांची बदली एकाच वेळी करता येईल इतके उत्पादन जगात कोणाकडेच नव्हते. परिणामी लाखो मालकांच्या हाती अशी पत्रे पडली की, आपल्या गाडीत जीवघेणा दोष आहे. सुटे भाग उपलब्ध होताच पुन्हा कळवण्यात येईल. मधल्या काळात काय करावे, याचे समाधानकारक उत्तर नव्हते. टोयोटा कंपनीच्या विक्रेत्यांनी २०१४ मध्ये काही गाड्यांतील प्रवाशापुढील एअरबॅग तात्पुरती बंद केली आणि त्या आसनावर कोणी बसू नये, अशी सूचना दिली. काही गाड्यांत तर जुन्याच पद्धतीची नवी एअरबॅग बसवण्यात आली. ती काही वर्षे सुरक्षित राहील, नंतर पुन्हा यावे, असा हिशेब त्यामागे होता. एकाच दोषासाठी मालकाला दोनदा खेटे घालावे लागले.

दुरुस्ती विनामूल्य असते, असे म्हणताना या साऱ्याचा हिशेब कोणी मांडत नाही. गाडी दिवसभर सेवा-केंद्रात ठेवावी लागते. कामावरची रजा खर्ची पडते. टॅक्सीचालकाचे त्या दिवसाचे उत्पन्न बुडते. गावातील सेवा-केंद्र बंद झाले असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन यावे लागते. उत्पादकाच्या चुकीचा एक भाग अशा रीतीने ग्राहकाच्या वेळेतून वसूल होतो.

फ्रान्समध्ये २०२४ आणि २०२५ या वर्षांत याच प्रकाराची पुनरावृत्ती झाली. सित्रोएन कंपनीच्या सी-३ आणि डीएस-३ या लोकप्रिय छोट्या गाड्यांत टाकाटाच्या एअरबॅगा होत्या. गाडी चालवणेच ताबडतोब थांबवा, असा इशारा २०२४ मध्ये प्रथम देशाच्या उष्ण दक्षिण भागातील मालकांना देण्यात आला. ज्यांची रोजची ये-जा याच एका गाडीवर अवलंबून होती, त्यांना दुरुस्तीची वेळ मिळेपर्यंत ती दाराशी उभी ठेवण्याची पाळी आली. जून २०२५ मध्ये ईशान्य फ्रान्समध्ये, म्हणजे तुलनेने थंड प्रदेशात, आणखी एक मृत्यू झाला आणि तेथील सरकारला हा इशारा या एअरबॅगा असलेल्या अशा सर्व गाड्यांना लागू करावा लागला. धोका पुढे ढकलण्यात थंड हवा उपयोगी पडते, तो टाळण्यात नाही, हेच यातून सिद्ध झाले.

याउलट ऑस्ट्रेलियाचा अनुभव उत्साहवर्धक आहे. तेथे प्रथम कंपन्यांवर विसंबून राहण्यात आले आणि काम रेंगाळले. तेव्हा सरकारने फेब्रुवारी २०१८ मध्ये सुमारे ३० लाख गाड्यांचा सक्तीचा रिकॉल पुकारला. ३१ डिसेंबर २०२० ही अंतिम तारीख ठरली. ठरलेल्या वेळेत काम न झाल्यास मालकाला पर्यायी वाहन पुरवण्याचे बंधन कंपन्यांवर आले. इतकेच नव्हे, तर वारंवार कळवूनही गाडी न आणणाऱ्या मालकांची नोंदणी रोखण्याचा मार्ग तेथील राज्यांनी स्वीकारला. मुदत संपेपर्यंत जवळपास सर्व एअरबॅगा बदलल्या गेल्या होत्या अथवा त्या गाड्या रस्त्यावर नाहीत याची खात्री झाली होती. अंतिम तारीख, भरपाई आणि नोंदणीशी सांगड, या तीन गोष्टींनी जे साधले, ते केवळ पत्रे धाडून साधले नव्हते.

भारतीय कायद्याची चौकट

भारतात २०१९ पूर्वी रिकॉल हा सर्वस्वी कंपन्यांच्या इच्छेचा विषय होता. मोटार-उत्पादकांच्या संघटनेने २०१२ मध्ये स्वेच्छेने एक संहिता तयार केली आणि तिच्यानुसार बऱ्याच कंपन्यांनी गाड्या परत बोलावल्या, हे मान्य केले पाहिजे. टाकाटाच्या एअरबॅगांसाठी होंडाने २०१७ मध्ये भारतातील ४१,५८० गाड्या बोलावल्या. त्या २०१२ साली तयार झालेल्या होत्या. २०१९ मध्ये तिने २००७ पासूनच्या काही गाड्याही बोलावल्या. परंतु हे सारे सौजन्याच्या पातळीवर घडले. मालकाला तो हक्क म्हणून मागता येत नव्हता.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन अधिनियमात कलम ११०-अ आले. पर्यावरणाला, चालकाला, प्रवाशांना अथवा रस्त्यावरील इतरांना अपाय होईल असा दोष आढळल्यास गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकारला देता येतो. किंमत परत करणे, गाडी बदलून देणे किंवा दुरुस्त करणे, असे पर्याय कायद्यात आहेत. त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अंमलात आले. सक्तीच्या रिकॉलसाठी दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. दोषाची तांत्रिक शहानिशा सरकारमान्य चाचणी संस्थांनी करायची असून पुण्याची ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ ही त्यांतील एक प्रमुख संस्था आहे.

ही चौकट वरवर भक्कम दिसते. मात्र तिच्यात दोन मोठ्या उणिवा आहेत. पहिली म्हणजे, मालकांच्या तक्रारींवरून चौकशी सुरू व्हायची असेल, तर त्या तक्रारींची संख्या गाडीच्या विक्रीच्या प्रमाणात ठरवलेल्या किमान आकड्यापर्यंत पोहोचावी लागते. नव्या गाडीचे मालक संघटितपणे तक्रारी करू शकतात. दहा वर्षांपूर्वीच्या गाडीचे मालक गावोगाव विखुरलेले असतात आणि आपल्या गाडीचा बिघाड हा तिच्या वयाचाच परिणाम असावा, असे मानून ते स्वखर्चाने दुरुस्ती करून घेतात. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हे नियम तयार होऊन सात वर्षे न झालेल्या गाड्यांनाच लागू आहेत.

सात वर्षे की पंधरा?

या सात वर्षांच्या अटीमागील तर्क समजणे कठीण आहे. याच मोटार वाहन कायद्यानुसार खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते आणि त्यानंतरही गाडी योग्य स्थितीत असेल तर ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. नोंदणीच्या वेळी पंधरा वर्षांचा रस्ताकर एकरकमी वसूल करण्याची पद्धत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत आहे. म्हणजे कर घेताना सरकार गाडीचे आयुष्य पंधरा वर्षांचे धरते आणि संरक्षण देताना ते सातच वर्षांचे मानते. एकाच गाडीला एकाच कायद्यात ही दोन आयुष्ये कशी असू शकतात?

टाकाटाच्या अनुभवाशी ही अट ताडून पाहिली, तर तिच्यातील विसंगती अधिकच स्पष्ट होते. सर्वांत उष्ण व दमट पट्ट्यात धोका सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील हवा कोणत्या पट्ट्यात बसेल, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही. जो दोष सातव्या-आठव्या वर्षी प्रकट होणार, त्याच्यापासून संरक्षण सातव्या वर्षी संपत असेल, तर ते असून नसल्यासारखेच होय. भारतात चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्या वर्षी तयार झालेल्या गाड्यांची सात वर्षे २०२६ मध्ये पूर्ण होतात. सक्तीने बसवलेल्या एअरबॅगांची पहिली पिढी ज्या वेळी वयात येते, नेमक्या त्याच वेळी ती कायद्याच्या छत्राबाहेर जाते.

अमेरिकेची वाटचाल या बाबतीत मार्गदर्शक आहे. तेथे विनामूल्य दुरुस्तीची मर्यादा प्रथम आठ वर्षांची होती. २००० साली ती दहा आणि २०१५ साली पंधरा वर्षे करण्यात आली. गाड्या पूर्वीपेक्षा अधिक काळ टिकू लागल्या, हे वास्तव कायद्याने स्वीकारले. भारतात तर जुन्या गाडीचा वापर हा काटकसरीचाच नव्हे, तर गरजेचा भाग आहे.

बाजार हा दोष का सुधारत नाही?

सदोष माल विकणाऱ्याची पत घसरेल आणि ग्राहक त्याच्याकडे पाठ फिरवतील, म्हणून सरकारने हस्तक्षेप करू नये, असा युक्तिवाद काही वेळा केला जातो. जुन्या मोटारींच्या बाबतीत तो टिकत नाही, हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० सालीच एका प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले होते. त्यांनी उदाहरणासाठी जुन्या मोटारींचाच बाजार निवडला होता. विकणाऱ्याला गाडीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे चांगल्या व वाईट गाडीला सारखीच किंमत येते आणि चांगल्या गाड्या बाजारातून मागे हटतात. या विचारासाठी २००१ मध्ये त्यांना दोघा सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले. रिकॉल होऊनही दुरुस्त न झालेली गाडी हे या सिद्धांताचे चपखल उदाहरण होय. विकणाऱ्याने सांगितले नाही, तर घेणाऱ्याला कळण्याचा सोपा मार्ग नाही. आणि डबीतील रसायन तर बाहेरून कोणालाच दिसत नाही.

उत्पादकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. दहा-बारा वर्षांत गाडीची निगा कशी राखली गेली, कोणते नकली भाग बसवले गेले, यावर कंपनीचे नियंत्रण नसते. बंद झालेल्या नमुन्याचे सुटे भाग साठवणे खर्चाचे असते. हा खर्च शेवटी नव्या गाडीच्या किमतीत मिळवला जाईल, असे ते म्हणतात. यातील पहिला मुद्दा न्याय्य आहे. परंतु झीज आणि मूळ दोष यांतील फरक चाचणी संस्था ठरवू शकते. तेवढ्यासाठी वयाची सरसकट अट नको. खर्चाबद्दल बोलायचे तर, दोष टाळण्याचे सामर्थ्य ज्याच्याकडे सर्वाधिक, त्याच्यावरच त्याचा भार टाकणे आर्थिक दृष्ट्याही किफायतशीर ठरते. सातव्या वर्षानंतर जबाबदारी संपणार असेल, तर आठव्या वर्षी बिघडणारा स्वस्त भाग वापरण्याचा मोह उत्पादकाला होणारच. तीच जबाबदारी पंधरा वर्षे राहणार असेल, तर रचनेच्या मेजावरच अधिक टिकाऊ भाग निवडला जाईल. नव्या गाडीच्या किमतीत त्यामुळे थोडी भर पडली, तरी ती अनेकांत विभागली जाते. दोषाची किंमत मात्र एखाद्याच कुटुंबाला आणि प्रसंगी प्राणांनिशी मोजावी लागते.

काय करता येईल?

सर्वप्रथम, सात वर्षांची मर्यादा नोंदणीच्या मुदतीशी जोडून पंधरा वर्षांची करणे आवश्यक आहे. यासाठी नियमांतील दुरुस्ती पुरेशी आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे, सूचना विद्यमान मालकापर्यंत पोहोचली पाहिजे. कंपनीकडे पहिल्या ग्राहकाचा पत्ता असतो. आजच्या मालकाचे नाव परिवहन कार्यालयाच्या नोंदीत असते. रिकॉलची नोंद गाडीच्या चॅसिस क्रमांकावर चढवून हस्तांतरणाच्या, विमा-नूतनीकरणाच्या आणि प्रदूषण-तपासणीच्या वेळी ती दाखवणे आजच्या संगणकीय व्यवस्थेत अवघड नाही. दुरुस्ती बाकी असलेली गाडी विकताना तशी लेखी कल्पना देणे विक्रेत्यावर बंधनकारक केले, तर जुन्या मोटारींच्या बाजारातील अज्ञान बरेच कमी होईल.

तिसरे म्हणजे, दुरुस्तीला कालमर्यादा हवी. ठराविक दिवसांत सुटा भाग मिळाला नाही, तर पर्यायी वाहन अथवा दररोजची भरपाई देण्याचे बंधन ऑस्ट्रेलियाप्रमाणे येथेही असले पाहिजे. प्रत्येक रिकॉलमध्ये किती गाड्या बोलावल्या हे जाहीर होते. किती प्रत्यक्ष दुरुस्त झाल्या, हे दर तिमाहीस त्याच ठळकपणे प्रसिद्ध करणे सक्तीचे व्हावे.

चौथा प्रश्न देश सोडून जाणाऱ्या कंपन्यांचा आहे. जनरल मोटर्सने २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवली आणि पुण्याजवळील तळेगावच्या कारखान्यातील उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन आवरते घेण्याचे जाहीर केले. विक्रीपश्चात सेवा चालू ठेवण्याचे आश्वासन अशा वेळी दिले जाते. तथापि आश्वासन आणि तारण यांत फरक आहे. निघून जाणाऱ्या उत्पादकाकडून रस्त्यावरील गाड्यांच्या प्रमाणात अनामत रक्कम घेऊन ठेवण्याची तरतूद झाली, तर मालक वाऱ्यावर सोडले जाणार नाहीत. टाकाटासारखी कंपनी दिवाळखोरीत जाऊ शकते, हे जगाने पाहिलेच आहे.

मालकांच्याही पदरी काही कर्तव्य येते. रिकॉलची सूचना मिळूनही ‘गाडी तर नीट चालते’ म्हणून दुर्लक्ष करणाऱ्यांची संख्या सर्वच देशांत मोठी आहे. असा दोष केवळ मालकाच्याच नव्हे, तर शेजारी बसणाऱ्याच्या आणि समोरून येणाऱ्याच्याही जिवाशी निगडित असतो. पुरेशी संधी देऊनही जो गाडी आणत नाही, त्याचे नोंदणी-नूतनीकरण रोखणे गैर ठरणार नाही; मात्र त्यापूर्वी भाग उपलब्ध आहे, सेवा-केंद्र आवाक्यात आहे आणि दुरुस्ती खरोखर विनामूल्य आहे, याची हमी सरकारने घेतली पाहिजे.

२०१९ च्या सुधारणेने उत्पादकाची जबाबदारी प्रथमच कायद्याच्या कक्षेत आणली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. पण दंडाचे आकडे आणि रिकॉलच्या घोषणा यांवरून तिचे यश मोजता येणार नाही. बारा वर्षांची मोटार चालवणारा शिक्षक अथवा कारकून ती घेऊन सेवा-केंद्रात गेला असता त्याला ‘गाडी जुनी झाली’ एवढ्याच कारणावरून परत पाठवले जाते की नाही, यावरच ते ठरेल. आजच्या नियमांनुसार त्याला परत पाठवता येते. आणि बदलायला हवे ते नेमके हेच.